आईच्या एकाच डोळ्याची बाहुली मोठी झालीय, दुसरी नाही. कुणाला काही कल्पना?

लावण_खोडवा (शनिवार ८ नोव्हेंबर, सकाळी ७:१०)

मंडळी, रात्रभर झोप नाही, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

काल संध्याकाळी गावाकडनं वडिलांचा फोन आला. "तुझ्या आईचा डोळा बघ की, कसा दिसतोय." गाव करवीर तालुक्यातच, कोल्हापूर शहरातनं अर्ध्या तासावर. व्हिडिओ कॉलवर काही कळेना म्हणून गाडी काढून गेलो. आई चुलीपुढं भाकरी थापत बसलेली. तिनं तोंड वर केलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. उजव्या डोळ्याची बाहुली नेहमीसारखी, जोंधळ्याच्या दाण्याएवढी. डावी हरभऱ्याएवढी! भोवतीचं तपकिरी नुसतं काठाला रेघ उरल्यासारखं.

आईचं म्हणणं एकच, "ह्या डोळ्याला उजेड लई टोचतोय." डोकं दुखत नाही, उलटी नाही, चक्कर नाही. वय ५४, बीपीची गोळी चालू आहे.

रात्री दहाला शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं टॉर्च मारला, गप्प झाला आणि मेंदूचा स्कॅन सांगितला. स्कॅन केला, त्यात काही नाही निघालं. म्हणाले, "आता डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा." आज दुसरा शनिवार, उद्या रविवार. दोन-तीन ठिकाणी फोन केले, सोमवारची वेळ मिळाली.

स्कॅन चांगला आला हे ठीक, पण मग डोळ्याला झालंय काय? मुळात बाहुली लहानमोठी होते कशानं, आणि एकटीच कशी होते?

बिंदूचौक_तिकटी (८ नोव्हेंबर, ७:२५)

नजर लागली असणार. मीठमोहऱ्या उतरून टाका. (चेष्टा करतोय हां, दवाखाना सोडू नका.)

नेत्रपल्लवी (८ नोव्हेंबर, ८:०५)

मी डोळ्यांचीच डॉक्टर. इथं बसून निदान करणार नाही, पण सोमवारपर्यंत काय बघायचं ते सांगते.

आधी त्या तरुण डॉक्टरला नावं ठेवू नका. त्यानं केलं ते बरोबर केलं. एकच बाहुली अचानक पसरली तर आम्हालाही पहिली शंका मेंदूतून डोळ्याकडे येणाऱ्या तिसऱ्या नसेची येते. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला आणि तो ह्या नसेवर दाबला तर बाहुली अशीच पसरते, आणि तो फुगा फुटला तर माणूस हाताला लागत नाही. म्हणून विचारते, स्कॅन साधा होता की शिरेत औषध सोडून रक्तवाहिन्यांचा काढला? साध्यात असला फुगा हुकू शकतो.

ही नस फक्त बाहुली सांभाळत नाही. वरची पापणी उचलायचं आणि डोळा आत, वर, खाली फिरवायचं कामही तिचंच. तेव्हा आईंना समोर बसवा. डावी पापणी खाली आलीय का? डोकं न हलवता डोळा चारी दिशांना फिरतो का? एकाची दोन माणसं दिसतात का? ह्यातलं एक जरी "हो" असेल, किंवा डोकं जोरात दुखायला लागलं, तर सोमवारची वाट बघू नका, आत्ता उठा.

हे सगळं ठीक असेल तर खोलीत थोडा अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूनं आणून आधी उजव्या डोळ्यावर मारा, मग डाव्या. प्रत्येक वेळी दोन्ही बाहुल्या काय करतात ते बघा. नुसतं टॉर्चखालची नाही, दोन्ही. एक जण टॉर्च धरा, एक जण बघा.

लावण_खोडवा (८ नोव्हेंबर, ८:५०)

डॉक्टर, लई उपकार. स्कॅन औषध टोचूनच केला होता, रक्तवाहिन्यांचा, रिपोर्टात तसं लिहिलंय. पापणी सरळ आहे. डोळा सगळीकडं फिरतोय. एकाची दोन दिसत नाहीत. (आई म्हणाली, "तुझा बाप एकच बास हाय.")

टॉर्चचं असं झालं: उजव्या डोळ्यावर मारला, उजवी बाहुली पटकन बारीक झाली, डावी जागची हलली नाही. डाव्या डोळ्यावर मारला तर डावी ढिम्म, पण उजवी बारीक झाली! टॉर्च एका डोळ्यावर आणि हालचाल दुसऱ्या डोळ्यात. हे बघून वडील पण चपापले.

लेथवाला (८ नोव्हेंबर, ९:१५)

मी डॉक्टर नव्हे, उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलं. पण फॉल्ट शोधायचा म्हणजे आमचा धंदा. डाव्या डोळ्यावर उजेड पडल्यावर उजवी बाहुली हलतीय, म्हणजे डावा सेन्सर चालू आहे आणि वायर पॅनेलपर्यंत पोचतीय. पॅनेल पण ठीक, कारण उजवीला ऑर्डर जातीय. राहिली पॅनेलपासून डाव्या डोळ्याकडं जाणारी वायर, नाहीतर तिथली मोटर जाम. बरोबर का, मॅडम?

नेत्रपल्लवी (८ नोव्हेंबर, ९:४०)

लेथवाला, आमच्या तोंडी परीक्षेत तुम्ही पास झाला असता. शंभर टक्के बरोबर.

डोळ्यात मागच्या पडद्यावर उजेड पडतो. तिथून नस निघते ती मेंदूच्या मध्यभागातल्या एका छोट्या केंद्रापर्यंत जाते. गंमत अशी की तिथं एका डोळ्याचा निरोप दोन्ही बाजूंना वाटला जातो. म्हणून उजेड कुठल्याही डोळ्यावर पडो, निरोगी माणसाच्या दोन्ही बाहुल्या एकदम आणि सारख्याच बारीक होतात, सेकंदाच्या साधारण पाचव्या हिश्शात सुरुवात होते. परतीची वायर म्हणजे ती तिसरी नस.

आता मोटर. बाहुली हा काही पदार्थ नाही, ते भोक आहे. मागे अंधार म्हणून काळं दिसतं. तिच्याभोवतीच्या रंगीत चकतीला लोक बुबुळ म्हणतात (दवाखान्यात आम्ही बुबुळ म्हणतो ते समोरच्या पारदर्शक काचेला, त्यामुळे घोळ होतो, म्हणून मी चकतीच म्हणते). ह्या चकतीत दोन स्नायू. एक बाहुलीच्या काठानं गोल, लेंग्याच्या नाडीसारखा. नाडी आवळली की तोंड बारीक. दुसरा सायकलच्या तारांसारखा, मध्यापासून बाहेर. तो ओढला की तोंड मोठं. नाडी ओढणारी यंत्रणा वेगळी, ती निवांत असताना, जवळचं बघताना, उजेडात काम करते. तारा ओढणारी वेगळी, ती घाबरल्यावर, चिडल्यावर, जीव खाऊन पळताना जोर करते. दोघींची कायम ओढाताण चालू असते. बाहुली उन्हात २ मिलिमीटरपर्यंत उतरते आणि तरुण माणसाची अंधारात ८ पर्यंत जाते. व्यास चौपट म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ सोळापट.

पापणी आणि डोळ्याचं फिरणं शाबूत असेल तर नस दाबल्याची शक्यता बरीच कमी होते, आणि मला नाडीच्या स्नायूवरच संशय येतो. म्हणून आता खरा प्रश्न. आई काल-परवा कुठं होत्या? दुसऱ्या कुणाचे थेंब डोळ्यात घातले का? आणि शेतात गेल्या असतील तर तिथं धोतरा आहे का?

बिंदूचौक_तिकटी (८ नोव्हेंबर, ९:४४)

धोतरा? महादेवाला वाहतात तो?

लावण_खोडवा (८ नोव्हेंबर, १०:३०)

आईला विचारलं. आता ऐका.

परवा आणि काल नव्या लावणीत भांगलण होती. बांधाकडच्या दोन-तीन सऱ्यांत धोतरा माजलेला. बाकीच्या बायका त्याला हात लावत नव्हत्या, वास उग्र येतो म्हणून. आईनं उपटला. तिचेच शब्द, "दोन-चार काटेरी बोंडं हातात फुटली. ऊन लागत होतं, घाम आला, डोळा चोळला. त्यात काय झालं?"

डावा डोळा का, ते पण कळलं. उजव्या हातात खुरपं होतं, घाम डाव्या हातानं पुसला.

मॅडम, तुम्ही इथं बसून शेतातला धोतरा कसा ओळखलासा?

नेत्रपल्लवी (८ नोव्हेंबर, ११:०५)

ओळखला नाही, विचारला. आपल्या भागात भांगलणीच्या दिवसांत असे पेशंट येतात. धोतऱ्याच्या पानांत, देठात, बियांत ॲट्रोपीन आणि त्याच्या भावकीतली द्रव्यं असतात. नाडीचा स्नायू आवळायला नस ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते. ती किल्ली समजा, आणि स्नायूवर कुलूप. ॲट्रोपीन म्हणजे कुलपात काडी मोडून बसल्यासारखं. नस बिचारी किल्ल्या पाठवतच राहते, कुलूप उघडत नाही. नाडी सैल पडते, दुसरीकडून तारा ओढायला मोकळ्या, बाहुली सताड उघडी.

ह्याच औषधानं जवळचं बघायला लागणारा आतला स्नायूही सुटतो. पंचविशीच्या पोराला असं झालं असतं तर पहिली तक्रार "मोबाइल वाचता येईना" अशी आली असती. चोपन्नाव्या वर्षी आतली भिंग आधीच ताठर झालेली असते, तिथं गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं, म्हणून आईंना फक्त उजेड टोचतोय.

सोमवारी जा. डॉक्टर बहुतेक पिलोकार्पीनचा, म्हणजे बाहुली आवळणारा थेंब टाकतील. नस दाबली असती तर स्नायू भुकेलाच असतो, थेंबानं बाहुली लगेच बारीक होते. कुलपात काडी असेल तर थेंब टाकूनही ढिम्म. तोवर उन्हात टोपी किंवा काळा चष्मा, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय उजव्या डोळ्याला लावायचे नाहीत. पदर, रुमाल पण धुवा. बाहुली पसरलेली असताना डोळा लाल होऊन ठणकायला लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली तर काचबिंदूचा झटका असू शकतो, मग रात्री दोन वाजता सुद्धा निघा.

तांबडा_पांढरा (८ नोव्हेंबर, ११:३०)

आमच्या आजोळी धोतऱ्याची पानं गरम करून सुजेवर बांधतात. डोळ्यावर पण बांधली तर...

नेत्रपल्लवी (८ नोव्हेंबर, ११:३२)

नाही. अजिबात नाही. आणि पोटात तर बी सुद्धा जाऊ देऊ नका. तोंड कोरडं, ताप, भ्रम, माणूस हवेतलं काहीतरी पकडत बसतो. पोरं खेळता खेळता खातात.

कृषीसेवा_केंद्र (८ नोव्हेंबर, दुपारी १:२०)

मी औषधं-खतांच्या दुकानात बसतो, त्यामुळं उलटं प्रकरण रोज डोळ्यापुढं असतं. फवारणीची काही कीटकनाशकं, ज्यांना ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात, ती अंगावर उडाली, श्वासातनं गेली की बाहुली मोहरीएवढी होते. लाळ, घाम, धाप, स्नायू फडफडणं. मास्क न घालता वाऱ्याच्या तोंडाला पंप मारणाऱ्याला आम्ही पहिल्यांदा डोळ्यातच बघतो. मॅडमच्या भाषेत हे किल्ल्यांचं कसं?

नेत्रपल्लवी (८ नोव्हेंबर, २:००)

वापरून झालेली किल्ली लगेच मोडून टाकणारं एक एन्झाइम अंगात असतं. ही कीटकनाशकं त्या एन्झाइमलाच बांधून टाकतात. मग किल्ल्यांचा ढीग साचतो, कुलूप उघडंच राहतं, नाडी करकचून आवळलेली. आणि अशा पेशंटला आम्ही शिरेतून काय देतो? ॲट्रोपीन. आईंच्या डोळ्यात गेलं तेच. विषबाधेच्या वॉर्डात त्याचे डोसावर डोस जातात, छाती मोकळी होईपर्यंत.

लावण_खोडवा (८ नोव्हेंबर, २:१०)

म्हणजे बांधावर एक आणि बांधाच्या आत फवारणीच्या पंपात त्याच्या उलटं. भलतंच.

मोडीवाचक (८ नोव्हेंबर, सायं. ५:४५)

धागा आईंच्या तब्येतीचा आहे, तरी एक आडवळण घेतो, आता जरा जिवाला स्वस्थता आलीय म्हणून.

बाहुलीला बाहुली का म्हणतात? कुणाच्या तरी डोळ्यात अगदी जवळून बघा. त्या काळ्या भोकात तुमचंच चिमुकलं प्रतिबिंब उभं असतं, बाहुलीएवढं. संस्कृतात तिला कनीनिका म्हणतात, आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ लहान मुलगी. हिंदीत पुतली. इकडं लॅटिनमध्ये पुपिला, त्याचाही अर्थ छोटी बाहुली, आणि ग्रीकमध्ये कोरे, म्हणजे मुलगी. इतक्या भाषांतल्या माणसांनी समोरच्याच्या डोळ्यात वाकून बघितलं आणि सगळ्यांना तेच दिसलं.

धोतऱ्याची एक चुलतबहीण युरोपात आहे, बेलाडोना. इटालियनमध्ये अर्थ सुंदर स्त्री. तिथल्या बायका त्या झाडाचा रस डोळ्यात घालून बाहुल्या मोठ्या करत, डोळे टपोरे दिसावेत म्हणून. समोर उभ्या माणसाचा चेहरा त्यांना स्वतःला नीट दिसत नसणार, ते वेगळं.

शिंगणापूरची_पोर (८ नोव्हेंबर, रात्री ८:१५)

मी मानसशास्त्राला आहे, त्यामुळं ह्यावर बोलायला मिळालं म्हणून लगेच आलो. (होय, मुलगी आहे आणि "आलो"च म्हणते. पुण्याच्या लोकांनी दुरुस्ती सुचवू नये.)

बाहुली फक्त उजेडाला हलते असं नाही. शिकागोच्या एकहार्ड हेस यांनी १९६० साली माणसांना चित्रं दाखवून बाहुल्या मोजल्या, आवडीचं चित्र आलं की बाहुली पसरते. पुढं १९६४ मध्ये गुणाकार घालून बघितलं, गणित जसं अवघड तशी बाहुली मोठी, उत्तर दिलं की परत बारीक. १९६६ मध्ये डॅनियल काहनमन आणि जॅक्सन बीटी यांनी आकडे पाठ करायला दिले. एकेक आकडा डोक्यात भरेल तसतशी बाहुली वाढत गेली आणि आकडे म्हणून दाखवताना पायरी-पायरीनं उतरली. ह्याच काहनमनना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आज दुपारी घरी करून बघितलं. धाकट्या भावाला खिडकीकडं तोंड न करता बसवला, समोर मोबाइल लावून व्हिडिओ चालू. "बे चोक?" काही नाही. "तेवीस सत्ते?" बाहुली पसरली, चक्क दिसली. "एकशे एकसष्ट" म्हणाला, मिटली. मग आजोबा मध्ये पडले, "औटकी विचार त्याला, औट सत्ते किती?" भावाची बाहुली जराशी पसरली आणि लगेच मिटली. त्याला औट म्हणजे साडेतीन हेच माहीत नव्हतं, विचार करायचाच सोडून दिला पठ्ठ्यानं. आवाक्याबाहेरचं झालं की बाहुली सुद्धा नाद सोडते, हे पण अभ्यासांत दिसलेलं आहे. आजोबांनी साडेचोवीस सांगितलं, त्यांची बाहुली मात्र तसूभर हलली नाही. पाठ आहे ना!

बिंदूचौक_तिकटी (८ नोव्हेंबर, ८:२२)

म्हणजे तीन पत्तीला बसताना काळा चष्मा. नोंद घेतली.

शिंगणापूरची_पोर (८ नोव्हेंबर, ८:३०)

घ्या, पण भावनेनं होणारा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचा असतो. तुमच्या अड्ड्यावरचा बल्ब जरा डुलला की त्याच्यापेक्षा जास्त फरक पडेल. "बाहुली मोठी झाली म्हणजे तिचं माझ्यावर प्रेम आहे" म्हणणाऱ्यांनी आधी खोलीतला उजेड बघावा.

गुजरीकाका (रविवार ९ नोव्हेंबर, सकाळी १०:०५)

सर्वांना नमस्कार. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ पेठेत, साज घडवण्यात चाळीस वर्षं गेली. माझी तक्रार उलटी आहे. तरुणपणी साध्या बल्बखाली पानडीवरचं काम व्हायचं. आता चष्मा लावूनसुद्धा दोन दिवे लागतात. पोरगा म्हणतो, काका, ह्या उजेडात डोळे दिपतात. हे पण बाहुलीचंच का?

नेत्रपल्लवी (९ नोव्हेंबर, ११:४०)

काका, बऱ्याच अंशी हो. वयाबरोबर बाहुली बारीक होत जाते आणि अंधारातसुद्धा पहिल्यासारखी उघडत नाही. विशीतल्या माणसाची अंधारात ७-८ मिलिमीटर होते, सत्तरीत ती निम्म्याच्या आसपास राहते. त्यात भिंग पिवळी पडते. म्हणजे त्याच दिव्याखाली तुमच्या पडद्यावर पोरापेक्षा फारच थोडा उजेड पोचतो. दोन दिवे लावा, बिनधास्त. मोतीबिंदू तेवढा तपासून घ्या.

आणि एक फायदा तुम्ही रोज घेताय. साजाचं पान डोळ्याजवळ आणलं की उजेड न बदलता सुद्धा बाहुली बारीक होते. दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, भिंग फुगते आणि बाहुली आवळते, तिन्ही एकदम. छोट्या भोकातून कडेची वाकडी किरणं गाळली जातात, चित्र कातीव येतं. लोक चष्मा घरी विसरले की डोळे बारीक करून बसचा बोर्ड वाचतात, तेच. ह्याचा रस्ता उजेडाच्या रस्त्यापेक्षा वेगळा आहे. एडिंबरोच्या आर्गाइल रॉबर्टसन यांनी १८६९ मध्ये असे पेशंट नोंदवले की ज्यांची बाहुली उजेडाला हलत नाही पण जवळचं बघताना बारीक होते. मज्जासंस्थेत गेलेल्या सिफिलिसची ती खूण निघाली.

रात्रपाळी_ट्रॅक्टर (९ नोव्हेंबर, दुपारी १२:३०)

कारखाने चालू झालेत, रात्री ऊस घेऊन हायवेला असतो. समोरनं एलईडीवाला अप्पर मारत आला की नंतर पाच-सात सेकंद रस्ताच दिसत नाही. बाहुली आवळती लगेच, मग सुटायला एवढा वेळ का?

नेत्रपल्लवी (९ नोव्हेंबर, १:१०)

नाडीचा स्नायू तारांपेक्षा जोरकस आहे, म्हणून आवळणं झटपट आणि उघडणं सावकाश. पण तुमचा आंधळेपणा निव्वळ बाहुलीचा नाही. अंधारात बघणाऱ्या पेशींतलं रंगद्रव्य त्या झोतानं विरून जातं, ते परत भरायला वेळ लागतो. पूर्ण अंधाराला सरावायला तर वीस-तीस मिनिटं. बाहुली हा फक्त दरवाजा, आतल्या माणसाला जागं व्हायला वेळ लागतो. समोरचा आला की नजर डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवा. आणि ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर लावा हो, ते डोळ्याच्या डॉक्टर म्हणून नाही, त्याच हायवेवर गाडी चालवणारी म्हणून सांगते.

मोडीवाचक (९ नोव्हेंबर, रात्री ९:५०)

दरवाजा आणि आतला माणूस, हे आजच अनुभवलं. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाचा पहिला दिवस. महाद्वाराकडनं भर उजेडातनं आत आलो तर दगडी मंडपात क्षणभर पुढच्याची पाठ दिसेना. हळूहळू खांब दिसायला लागले, मग खांबांवरचं कोरीव काम. मावळतीची किरणं सरकत गाभाऱ्याकडं निघाली तेव्हा सगळ्यांचे डोळे तिकडं, आणि मी इकडं शेजारच्या आजींच्या डोळ्यांकडं बघतोय. आजी म्हणाल्या, "बाबा, देवी तिकडं हाय." ह्या धाग्यानं कामातनं घालवलं.

शिंगणापूरची_पोर (९ नोव्हेंबर, रात्री १०:२०)

आमच्या शेळीची बाहुली आडवी आहे आणि मांजराची उभी, ह्यावर कुणीच बोललं नाही म्हणून मीच. चरणाऱ्या जनावराला जमिनीलगत लांबवर, दोन्ही बाजूंना बघायचं असतं, म्हणून आडवी फट. मान खाली घालून चरतानाही शेळीचा डोळा फिरतो आणि फट जमिनीला समांतर राहते, उद्या बघा गोठ्यात. दबा धरून झेप घेणाऱ्या लहान जनावराला अंतर अचूक मोजायचं असतं, त्याची उभी. आणि फटीची बाहुली गोल बाहुलीपेक्षा कितीतरी जास्त मिटते. मांजराच्या भोकाचं क्षेत्रफळ १३५ पटीत बदलतं, आपलं पंधरा-सोळा पटीत. वाघ मोठा, त्याची गोलच.

लेथवाला (सोमवार १० नोव्हेंबर, सकाळी ८:००)

एक इशारा इथंच लिहून ठेवतो, पोरं वाचत असतील तर. फाउंड्रीत भट्टीच्या रसाकडं आणि वेल्डिंगच्या ठिणगीकडं "डोळा आपोआप बारीक होतो की" म्हणून उघड्या डोळ्यानं बघणारे मी बघितलेत. बाहुली बारीक होऊन भोक राहतंच. रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होऊन रडत बसतात. काच लावा.

नेत्रपल्लवी (१० नोव्हेंबर, ८:१५)

आणि साधा काळा चष्मा लावून तर मुळीच नको. काळोख्या काचेमागं बाहुली आणखी उघडते, आणि काच अतिनील किरणं अडवणारी नसेल तर ती जास्तच आत जातात. ग्रहणाच्या वेळी हाच घोटाळा होतो.

लावण_खोडवा (१० नोव्हेंबर, दुपारी २:४५)

आत्ताच डोळ्याच्या डॉक्टरांकडनं आलो. त्यांनी दोन्ही डोळ्यांत पिलोकार्पीनचा थेंब टाकला आणि अर्धा-पाऊण तास बसवलं. उजवी सुईच्या टोकाएवढी झाली. डावी ढिम्म! दाब तपासला, नॉर्मल. पडदा बघितला, चांगला. डावा तर आयताच उघडा होता, म्हणाले, "ह्यात बाहुली उघडायचा थेंब टाकायची गरजच नाही, धोतऱ्यानं आमचं काम केलंय."

औषध काही नाही. आपोआप उतरेल, आठवडा-दहा दिवस लागतील म्हणाले. वडिलांनी वाटेत विचारलं, तो महागाचा स्कॅन फुकटच गेला म्हणायचा का? मी नेत्रपल्लवी मॅडमचा प्रतिसाद वाचून दाखवला, मग गप्प बसले.

लावण_खोडवा (शुक्रवार १४ नोव्हेंबर, रात्री ८:३०)

रोज संध्याकाळी एकाच जागी, खिडकीजवळ, गालाला शाळेची पट्टी लावून फोटो काढतोय. शनिवारी ८, सोमवारी जवळपास तेवढीच, बुधवारी साडेसहा, आज ५ मिलिमीटर. उजवी साडेतीन. बांधावरचा धोतरा वडिलांनी हातमोजे घालून काढला. एक झाड ठेवलंय, महादेवाला लागतं म्हणून. आई त्याच्याकडं बघत पण नाही.

लावण_खोडवा (गुरुवार २० नोव्हेंबर, रात्री ९:१०)

उजेड टोचायचा पूर्ण थांबला. पण एक शंका. डावी ४ वर येऊन थांबलीय, उजवी साडेतीनच. तीन दिवस झाले, एवढा फरक हटत नाही. अजून काही राहिलंय का आत?

नेत्रपल्लवी (२० नोव्हेंबर, ९:४०)

टॉर्च मारल्यावर दोन्ही सारख्या चपळाईनं बारीक होतात का? अंधारात आणि उजेडात फरक तेवढाच राहतो का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर ते बहुतेक धोतऱ्याचं नाही, जन्माचं आहे. दर पाच माणसांत एकाच्या बाहुल्यांत असा थोडासा फरक असतोच, कुणी बघत नाही इतकंच. आम्ही अशा वेळी जुना फोटो मागतो. जरा जवळून काढलेला, डोळे उघडे असलेला. लग्नाचा असेल तर बघा.

लावण_खोडवा (२० नोव्हेंबर, रात्री १०:५५)

लग्नाच्या अल्बममध्ये एकूण एक फोटोत आईची मान खाली. मुंडावळ्या दिसतात, डोळे नाहीत. आधार कार्डावर तर ती कोण आहे हेच कळत नाही.

शेवटी ट्रंकेतनं बचत गटाच्या फॉर्मचा जुना पासपोर्ट फोटो निघाला, पंधरा वर्षांपूर्वीचा. मोबाइलनं मोठा करून बघितला. डावी किंचित मोठी आहे. तेव्हापण. टॉर्चला दोन्ही सारख्याच हलतात, अंधारात पण फरक तेवढाच.

वडील चष्मा पुसून पुसून बघत बसलेत. म्हणाले, "पस्तीस वर्षं झाली लग्नाला, माझ्या कवा ध्यानात आलं न्हाई."

आई भांडी लावत होती, तिथनंच म्हणाली, "कवा बघिटलासा?"